मोंढ्यातल्या पट्टीचा प्रोग्राम पायथनमध्ये: विंडो बनवताना नेहमी अडणाऱ्या जागा

आडतीवरच्या पट्टीला, म्हणजे माल विकल्यावर शेतकऱ्याला मिळणाऱ्या हिशेबाच्या कागदाला, फार काही लागत नाही. शेतकऱ्याचे नाव, गाव, माल, कट्टे, वजन, भाव, हमाली, तोलाई आणि शेवटी देय रक्कम. लातूर, उदगीर, जालना, परभणी, कुठल्याही मोंढ्यात हेच रकाने. बीसीए किंवा बीएस्सी करणाऱ्याला हा हिशेब पायथनमध्ये तासाभरात जमतो, पण त्याला विंडो, बटण आणि रकाने जोडायला घेतले की अडायला सुरुवात होते. खालचे प्रश्न तिथलेच आहेत आणि उदाहरण सगळीकडे याच पट्टीचे घेतले आहे. फंक्शनची इंग्रजी नावे इथे उच्चारानुसार दिली आहेत, टाइप करताना ती अर्थातच इंग्रजीत करायची.

टीकेइंटर घ्यावे की क्यूट?

दोन्ही पायथनमध्ये विंडो, बटणे आणि रकाने बनवण्याची साधने आहेत. विंडोजच्या संगणकावर चालवायचे असेल तर टीकेइंटर. ते पायथनच्या अधिकृत इन्स्टॉलरसोबतच येते, फक्त इन्स्टॉल करताना टीसीएल-टीकेच्या पर्यायावरची खूण काढू नका (टीके म्हणजे टीकेइंटरच्या आतला, विंडो प्रत्यक्ष दाखवणारा भाग). उबुंटूवर ते वेगळे घ्यावे लागते, पॅकेजचे नाव 'पायथन३-टीके'. बसले की नाही हे पाहायला कमांड प्रॉम्प्टवर 'पायथन', मग 'वजा एम', मग 'टीकेइंटर' असे लिहा. आवृत्ती दाखवणारी छोटी विंडो उघडली की काम झाले.

दुकानातला संगणक जुना असेल तर आधी विंडोजची आवृत्ती बघा. विंडोज ७ वर चालणारी पायथनची शेवटची आवृत्ती ३.८ आहे, आणि तिची सुरक्षा-दुरुस्ती २०२४ मध्ये थांबली. तीच वापरावी लागत असेल तर तो संगणक इंटरनेटपासून दूर ठेवलेला बरा. क्यूटच्या सहाव्या मालिकेला विंडोज १० लागते.

मात्र लिनक्सवर मराठी दाखवायची असेल तर क्यूटच घ्या. कारण देवनागरीच्या भागात येईल. क्यूटसाठी पायथनची दोन पॅकेजे आहेत. पायक्यूटचा परवाना जीपीएल किंवा विकतचा, पायसाइडचा एलजीपीएल. प्रोग्राम विकायचा विचार असेल तर पायसाइड सोयीचे.

बटण न दाबताच हिशेब होतो, दाबल्यावर काहीच होत नाही

बटण तयार करताना 'कमांड'पुढे फंक्शनचे नाव कंसासकट लिहिलेले असते. कंस दिला की फंक्शन त्याच क्षणी चालते आणि त्यातून परत आलेली किंमत, म्हणजे बहुतेक वेळा 'नन', बटणाला मिळते. कंस काढा, नुसते नाव द्या. फंक्शनला काही माहिती पाठवायचीच असेल तर लॅम्डा, म्हणजे जागेवरच लिहिलेले बिननावाचे छोटे फंक्शन, वापरा.

लॅम्डाचा स्वतःचा एक घोळ आहे. सोयाबीन, तूर, हरभरा, ज्वारी अशी चार बटणे फॉर लूपमध्ये केली की कुठलेही दाबले तरी ज्वारीच निवडली जाते. लॅम्डा मालाचे नाव बटण बनताना टिपून ठेवत नाही, दाबताना विचारते, आणि तोवर लूप संपून शेवटचे नाव उरलेले असते. लॅम्डाच्या कंसातच 'माल बरोबर माल' असे लिहून किंमत तिथल्या तिथे बांधून टाका.

याच जातीची आणखी एक चूक: रकाना तयार करून त्याच ओळीत पुढे 'ग्रिड' (रकान्याला आडव्या-उभ्या चौकटीत जागा देणारे फंक्शन) लावायचे आणि ते सगळे एका चलात ठेवायचे. ग्रिड 'नन' परत देते, त्यामुळे पुढे त्या चलातून वजन वाचायला गेले की 'ननटाइप'ची तक्रार येते. रकाना एका ओळीत बनवा, ग्रिड दुसऱ्या ओळीत लावा.

विंडो मोठी केली तरी रकाने कोपऱ्यातच राहतात

जागा ठरवायला 'प्लेस' वापरून पिक्सेल मोजत बसू नका. तुमच्या लॅपटॉपवर नीट दिसणारा फॉर्म दुकानातल्या १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर खाली कापला जातो आणि 'पट्टी छापा' बटणच दिसत नाही. फॉर्मसाठी ग्रिड हेच योग्य. ग्रिडमध्ये दोन गोष्टी मिळून ताण घेतात: 'कॉलमकन्फिगर'मध्ये त्या स्तंभाला 'वेट' १ द्यायचे आणि रकान्याला 'स्टिकी'मध्ये पूर्व-पश्चिम दिशा द्यायच्या. वेट दिले आणि स्टिकी विसरले तर जागा वाढते, रकाना वाढत नाही. स्टिकी दिले आणि वेट विसरले तर काहीच हलत नाही. शिवाय रकाने फ्रेममध्ये असतील तर त्या फ्रेमलाही तिच्या आईविंडोत ताणायला सांगावे लागते. बहुतेकांचे इथेच राहून जाते.

एकाच फ्रेममध्ये पॅक (जागा ठरवण्याची आणखी एक पद्धत) आणि ग्रिड दोन्ही लावले तर चूक दाखवून प्रोग्राम थांबतो. वेगवेगळ्या फ्रेममध्ये दोन्ही चालतात. त्या चुकीच्या संदेशात टिंब, उद्गारचिन्ह, फ्रेम, पुन्हा टिंब, उद्गारचिन्ह, एंट्री २ असले विचित्र नाव दिसते. टीकेइंटर आतून प्रत्येक आज्ञा टीसीएल या भाषेला देते आणि हे नाव टीसीएलमधले आहे. अर्थ सरळ आहे: मुख्य विंडोतल्या पहिल्या फ्रेममधला, नाव न दिलेला दुसरा रकाना. चूक शोधायला हे नाव फार उपयोगी पडते.

दुसरी विंडो, म्हणजे शेतकऱ्यांची यादी वगैरे, उघडताना मुख्य विंडो बनवणारे 'टीके' पुन्हा बोलावू नका, 'टॉपलेव्हल' वापरा. दोन मूळ विंडो झाल्या की 'स्ट्रिंगव्हार', म्हणजे रकान्यातला मजकूर धरणारे चल, पहिल्या मूळ विंडोला चिकटते आणि दुसऱ्या विंडोतले रकाने कारण नसताना रिकामे दिसतात.

एंटर दाबून पुढच्या रकान्यात जायचे आहे

काउंटरवर बसणारा माणूस माऊसला हात लावत नाही. प्रत्येक रकान्याला 'रिटर्न' ही कळ बाइंड करा, म्हणजे कळ दाबल्यावर चालणारे फंक्शन जोडा, आणि तिच्या फंक्शनमध्ये 'टीके-फोकसनेक्स्ट'ने मिळालेल्या रकान्यावर 'फोकससेट' करा. लिनक्सवर अंकांच्या बाजूच्या एंटरचे नाव वेगळे आहे, 'केपी-एंटर', तेही बाइंड करावे लागते. लक्षात ठेवण्यासारखा फरक असा, की 'बाइंड' फंक्शनला एक इव्हेंट पाठवते आणि 'कमांड' काहीच पाठवत नाही. एकच फंक्शन दोन्हीकडे वापरायचे असेल तर इव्हेंट न आल्यास धरायची किंमत 'नन' ठेवा.

काटा जोडला की विंडो हँग होते

सगळ्यात जास्त वेळ याच प्रश्नावर जातो, म्हणून इथे जरा सविस्तर.

'मेनलूप' म्हणजे काउंटरवरचा एकटा मुनीम. कळ दाबली, माऊस हलला, विंडो पुन्हा रंगवायची, सगळे त्याच्याच हातून होते. तुमचे फंक्शन चालू असेपर्यंत तो त्यात गुंतलेला असतो. फंक्शन दोन सेकंद चालले तर दोन सेकंद विंडो मेलेली, आणि आणखी काही सेकंद गेले की विंडोज 'नॉट रिस्पॉन्डिंग' लिहून टाकते. म्हणून बटणाच्या फंक्शनमध्ये 'स्लीप' नको, कधी न संपणारा व्हाइल लूप नको आणि सीरियल पोर्टवर थांबून राहणे तर मुळीच नको.

इलेक्ट्रॉनिक काटा बहुधा आरएस-२३२ वायरने किंवा यूएसबी कन्व्हर्टरमधून जोडलेला असतो. तो वाचायला 'पायसीरियल' लागते. वेग ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट ही मांडणी बऱ्याच काट्यांची असते, पण खात्री काट्याच्या पुस्तिकेतूनच करा. विंडो लिहिण्याआधी साध्या पाच ओळींच्या प्रोग्रामने काटा काय पाठवतो ते जसेच्या तसे छापून बघा. काही काटे नुसता आकडा पाठवतात, काही आधी स्थिर-अस्थिर असे चिन्ह देतात, काही शेवटी किलोचे अक्षर लावतात. ओळ कशी येते हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती तोडायचा कोड लिहू नका.

मग मांडणी अशी करा. काटा वाचायला वेगळा थ्रेड, म्हणजे मेनलूपच्या बाजूने स्वतंत्र चालणारे काम, 'डीमन' चालू ठेवून, म्हणजे विंडो बंद केल्यावर तो मागे रेंगाळणार नाही. त्यात पोर्ट १ सेकंदाच्या टाइमआउटसह उघडा, एक एक ओळ वाचा, आकडा काढा आणि 'क्यू'मध्ये, म्हणजे थ्रेड आणि विंडो यांच्यातल्या रांगेत, टाका. बस. थ्रेडने रकान्याला किंवा लेबलला हात लावायचा नाही. लावला तर कधी चालते, कधी विंडो अचानक गोठते, आणि कधी नेमके काय होईल ते सांगता येत नाही, म्हणून चूक सापडायला दिवस जातात. डेटाबेसलाही त्या थ्रेडमधून हात नको. एका थ्रेडमध्ये उघडलेले एसक्यूलाइटचे (एका फाइलीत बसणाऱ्या डेटाबेसचे) कनेक्शन दुसऱ्यात वापरले की पायथन चूक दाखवते.

विंडोच्या बाजूने 'आफ्टर'ला १०० मिलिसेकंद आणि क्यू तपासणाऱ्या फंक्शनचे नाव द्या, कंस न देता. ते फंक्शन 'गेट-नोवेट'ने क्यू रिकामी होईपर्यंत वाचते, शेवटचा आकडा लेबलवर लिहिते आणि जाता जाता स्वतःसाठी पुन्हा 'आफ्टर' लावून ठेवते. क्यूमधला एकच आकडा वाचून थांबलात तर काटा भराभर पाठवतो, क्यू साचत जाते आणि पडद्यावर काही सेकंदांपूर्वीचे वजन दिसते. कट्टा काट्यावरून उतरला तरी विंडोत वजन तसेच राहते, त्याचे कारण हेच.

वजन पट्टीत घेताना सलग चार-पाच वाचने सारखी आल्यावरच 'घ्या' बटण सुरू करा. कट्टा ठेवताना काटा हलत असतो आणि मधलाच आकडा उचलला जातो.

पोर्ट उघडत नसेल तर आधी बघा, काट्यासोबत आलेला दुसरा प्रोग्राम चालू आहे का. विंडोजवर एक पोर्ट एका वेळी एकालाच मिळतो. यूएसबीची वायर दुसऱ्या खाचेत लावली की कॉम क्रमांक बदलू शकतो, म्हणून क्रमांक कोडमध्ये पक्का लिहू नका. 'लिस्ट-पोर्ट्स'ने यादी काढून निवडायला द्या. लिनक्सवर वापरकर्ता 'डायलआउट' गटात नसेल तर परवानगी नाकारली जाते.

मराठी अक्षरे तुटतात, कापली जातात

विंडोजवर टीके देवनागरी जोडाक्षरे ठीक दाखवते. फॉन्ट मात्र स्वतः ठरवा: विंडोज ८ पासून 'निर्मला यूआय', त्याआधी 'मंगल'. एकेका रकान्याला फॉन्ट देण्यापेक्षा 'टीकेडिफॉल्टफॉन्ट'च बदला. पण तेवढ्याने भागत नाही. टीटीके (टीकेइंटरमधला नव्या रूपाच्या रकान्यांचा संच) रकान्यांतला मजकूर 'टीकेटेक्स्टफॉन्ट' वापरतो आणि तक्त्याचे मथळे 'टीकेहेडिंगफॉन्ट', म्हणून तिन्ही बदला. फॉन्ट एका स्ट्रिंगमध्ये 'निर्मला यूआय ११' असा दिला तर टीसीएल 'यूआय'लाच आकार समजते आणि पूर्णांक हवा म्हणून अडते. नावात जागा असेल तेव्हा नाव आणि आकार टपलमध्ये, म्हणजे कंसात स्वल्पविरामाने वेगळे करून, द्या.

लिनक्सवर टीकेच्या ८.६ आवृत्तीत गोष्ट वेगळी आहे. तिथे अक्षरे एकापुढे एक नुसती मांडली जातात, जोडली जात नाहीत. 'किलो'मधली वेलांटी क च्या उजवीकडे जाते, 'क्विंटल' पाय मोडलेला दिसतो. फॉन्ट बदलून हे सुटत नाही. क्यूट हार्फबझ हे अक्षरजोडणीचे इंजिन वापरते, त्यामुळे तिथे मराठी नीट दिसते.

तक्त्यात, म्हणजे 'ट्रीव्ह्यू'त, ओळीची मूळ उंची २० पिक्सेल असते. इंग्रजीला ती पुरते, पण 'र्‍हे', 'कृ', 'हिंगोली' यांच्या मात्रा वर आणि उकार खाली कापले जातात. फॉन्टच्या 'लाइनस्पेस'मध्ये ६ मिळवून तो आकडा 'रोहाइट'ला द्या. संगणक बदलला, अक्षर मोठे केले, तरी उंची आपोआप जुळते.

यादी 'टेक्स्ट'मध्ये जागा सोडून सोडून स्तंभात बसवायचा प्रयत्न करू नका. 'सोयाबीन' आपल्याला चार अक्षरे दिसतात, पायथनच्या 'लेन'ला सात, कारण काना-मात्रा वेगळे मोजले जातात. स्तंभ कधीच सरळ येत नाहीत. ट्रीव्ह्यूच वापरा. त्यातून माहिती परत वाचताना मात्र सांभाळा. ००४५ असा पट्टी क्रमांक ट्रीव्ह्यूच्या 'व्हॅल्यूज'मधून परत घेतला की ४५ होऊन येतो. ओळीचा 'आयआयडी', म्हणजे ओळीची ओळख, म्हणून डेटाबेसचा क्रमांक द्या आणि खरी माहिती डेटाबेसमधूनच काढा.

नावांच्या यादीत आणखी एक खोट निघते. युनिकोडमध्ये ळ हे ल च्या लगेच नंतर येते, आपल्या वर्णमालेत ते ह च्या नंतर. त्यामुळे काळे हे काशीदच्या आधी लागतात. क्रम लावताना 'की' फंक्शनमध्ये ळ च्या जागी युनिकोडचे ०९३ए हे चिन्ह घाला, ते ह च्या पुढचे आहे आणि मराठीत कुठेच वापरत नाहीत.

जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमधली नावे चिकटवली की इंग्रजी कचरा दिसतो. तो युनिकोड मजकूर नाहीच. आधी रूपांतर करून घ्या.

देवनागरी अंक चालतात का?

चालतात, आणि हे अनेकांना माहीत नसते. पायथनचे 'इंट', 'फ्लोट' आणि 'डेसिमल' तिन्ही ४३५० हा देवनागरीत लिहिलेला आकडा सरळ समजून घेतात. अडते ते स्वल्पविरामाला, म्हणून ४,३५० आले तर आधी स्वल्पविराम काढा. रकान्यावर शून्य ते नऊ अशी इंग्रजी अंकांची चाळणी लावली असेल तर तीच देवनागरी अंक अडवते. एसक्यूलाइटला मात्र हे अंक कळत नाहीत. आकड्यांच्या स्तंभातही ते मजकूर म्हणूनच बसतात आणि बेरीज चुकते. म्हणून साठवण्याआधी रूपांतर करा. आणि रकान्यातून येते ती नेहमी स्ट्रिंग: ५० आणि ५२ ची बेरीज रूपांतराशिवाय केली तर ५०५२ होते.

रक्कम एका रुपयाने चुकते

फ्लोटमध्ये पैसे ठेवू नका. पट्टीसाठी एक सोपी वाट आहे. वजन पूर्ण किलोत आणि भाव क्विंटलला पूर्ण रुपयांत घेतला, तर दोघांचा गुणाकार थेट पैशांत येतो, कारण क्विंटलमध्ये १०० किलो आणि रुपयात १०० पैसे. ७ क्विंटल १८ किलो सोयाबीन, भाव ४,३५०: ७१८ गुणिले ४३५० म्हणजे ३१,२३,३०० पैसे, अर्थात ३१,२३३ रुपये. सगळे पूर्णांकात, कुठेच गळती नाही. काटा १०० ग्रॅमपर्यंत दाखवत असेल तर वजन दहापट धरा आणि शेवटी दहाने भागा.

रुपयात आणताना 'राउंड' वापरू नका. ते नेमक्या अर्ध्याला जवळच्या सम आकड्याकडे नेते, २.५ चे २ करते, आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवरचा हिशेब जुळत नाही. 'डेसिमल'चे 'क्वांटाइझ' आणि 'राउंड-हाफ-अप' वापरा. पट्टीवर पैशाचा वाद झाला की पहिला संशय प्रोग्रामवर येतो, तो येऊ देऊ नका. लाखाचे स्वल्पविराम पायथन स्वतःहून देत नाही, ते १२५,००० लिहिते. शेवटचे तीन अंक वेगळे काढून उरलेल्यांच्या उजवीकडून दोन-दोन जोड्या पाडणारे छोटे फंक्शन लिहा.

वीज गेली तर?

'विंडो बंद करताना साठवू' हा विचार सोडून द्या. बंद करण्याची कळ पकडणारे 'डब्ल्यूएम-डिलीट-विंडो' वीज गेल्यावर चालतच नाही. प्रत्येक पट्टी झाली की एसक्यूलाइटमध्ये त्याच क्षणी 'कमिट' करा. पट्टी, तिचे कट्टे आणि कपाती एकाच व्यवहारात घाला, म्हणजे अर्धी पट्टी राहत नाही. उघडी फाइल कॉपी करून बॅकअप घेऊ नका, कनेक्शनचे 'बॅकअप' फंक्शन वापरा.

पट्टी छापायची कशी?

सर्वांत कमी त्रासाची पद्धत: पट्टी एचटीएमएल फाइल म्हणून लिहा आणि 'वेबब्राउझर'ने उघडा. ब्राउझर जोडाक्षरे बरोबर दाखवतो, कागदाचा आकार सीएसएसमध्ये ए५ ठरवता येतो. फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे असे स्पष्ट लिहा. न लिहिल्यास विंडोज आपले जुने एन्कोडिंग धरते आणि पहिल्याच मराठी अक्षरावर 'चारमॅप'ची चूक येते.

दुसऱ्या संगणकावर नेल्यावर चालत नाही

'पायइन्स्टॉलर'ने ईएक्सई, म्हणजे पायथनशिवाय चालणारी फाइल, करताना ज्यावर करता त्याच प्रकारच्या विंडोजसाठी ती बनते. ६४ बिटवर बनवलेली ३२ बिटवर चालत नाही. दुकानांतल्या संगणकांपैकी सर्वांत जुना निवडा आणि त्यावरच बांधा.

'वनफाइल', म्हणजे सगळे एकाच ईएक्सईत, दिसायला सुटसुटीत, पण दर वेळी उघडताना ती सगळे तात्पुरत्या फोल्डरमध्ये सोडते आणि बंद झाल्यावर तो फोल्डर पुसते. म्हणून ती उघडायला वेळ घेते. त्याहून गंभीर म्हणजे डेटाबेसचा रस्ता कोडच्या फाइलशेजारचा दिला असेल तर दिवसभराच्या पट्ट्या त्या फोल्डरसोबतच जातात. डेटाबेस वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवा. 'वनडिर', म्हणजे सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये, वापरले तर उघडण्याचा वेळही वाचतो आणि अँटिव्हायरस उगाच अडवण्याचे प्रमाणही कमी राहते.

विंडो धूसर दिसत असेल तर 'टीके' बोलावण्याआधी 'सीटाइप्स'मधून 'सेट-प्रोसेस-डीपीआय-अवेअरनेस'ला १ द्या. विंडोज ७ वर हे फंक्शन नाही, म्हणून ते ट्रायमध्ये ठेवा.

आणि काळी कन्सोल विंडो लपवण्याआधी एक गोष्ट नक्की करा. टीकेइंटर बटणाच्या फंक्शनमधली चूक कन्सोलवर छापते आणि पुढे चालू राहते. कन्सोलच नसेल तर दुकानदाराला एवढेच दिसते की बटण दाबले आणि काही झाले नाही. मूळ विंडोचे 'रिपोर्ट-कॉलबॅक-एक्सेप्शन' बदलून त्यात चुकीचा पूर्ण मजकूर तारीख-वेळेसह लॉग फाइलमध्ये लिहा आणि पडद्यावर मराठीत एक ओळीचा संदेश दाखवा. ही लॉग फाइल डेटाबेसच्याच फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे उदगीरहून फोन आला तर लातूरहून गाडी काढण्याआधी ती मोबाइलवर मागवून घेता येते.